मानमोडीचा माग काढणारी माणसे



आखाड लागला की मावळात कोंबडीला भाव येतो, आणि नेमकी त्याच दिवसांत कोंबड्यांत मरतूक लागते. ही मरतूक कशामुळे येते, तिचा छडा कोणी लावला, त्यावर लस कशी निघाली आणि या सगळ्यात तुमचे-आमचे काम कोणते, हे आज सांगायचे आहे. पण सुरुवात माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून केली पाहिजे.

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याच्या लेण्यांवरून वर चढले की गायमुख खिंड लागते. एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. खिंडीपलीकडे गडाच्या पायथ्याला लोहगडवाडी. या डोंगराच्या एका अंगाचे पाणी इंद्रायणीला जाते, दुसऱ्या अंगाचे पवनेला. काही वर्षांपूर्वी भर पावसात भात लागवडीच्या बैठकीसाठी मी वाडीवर गेलो होतो. बैठक संपल्यावर एका मावशींनी मला परसात नेले. गडावर येणाऱ्या लोकांना त्या घरगुती जेवण देत. पिठले-भाकरीपेक्षा गावरान कोंबडीच्या रश्श्याला गिऱ्हाईक जास्त. मुलाच्या कॉलेजची फी त्यावर निघत होती.

"सायेब, कोंबड्या काय खाईनात बघा. नुसत्या मान टाकून बसल्यात," मावशी म्हणाल्या.

पाहिले तर चार-पाच कोंबड्या पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेल्या. एक चोच उघडून श्वास घेत होती. खाली हिरवट-पांढरी हगवण. मी शेतीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. तरीही "पावसाने गारठल्यात मावशी. खुराड्यात कोरडे तूस टाका, गूळ-हळदीचे पाणी पाजा," असे सांगून मी मोकळा झालो. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, हे माझ्या मनातही आले नाही.

आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा मावशींच्या खुराड्याचे दार उघडे होते आणि आत काही नव्हते. काही कोंबड्या माना वाकड्या करून, गरगर फिरून मेल्या. दोन धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या त्यांनी बाजारात विकल्या होत्या. एक तलंग लेकीबरोबर तिच्या सासरी गेली होती, तिथेही मरतूक लागली. वाडीतली शेजारची खुराडीही रिकामी झाली. मावशी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सायेब, तुमी बघून सांगितलं व्हतं ना?"

ते वाक्य आजही माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी मी अंदाजाने बोललो. ज्या रोगाचा मी अंदाज केला, त्याचे निदान करण्यासाठी काही माणसांनी आपली सारी हयात घातली होती. त्यांची हकीकत मी त्यानंतर शोधून वाचली. ती तुमच्या कामाची आहे.

पुण्यातून निघालेली वाट

मानमोडी म्हणा, राणीखेत म्हणा, रोग एकच. पण राणीखेत हे आहे एका गावाचे नाव. हिमालयाच्या कुशीत, कुमाऊं भागात हे थंड हवेचे गाव आहे. तिथल्या रोगाचा आपल्या पुण्याशी संबंध कसा, ते पाहा.

१८८९ साली इंग्रज सरकारने जनावरांच्या साथीच्या रोगांच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा सुरू केली, ती पुण्याच्या सायन्स कॉलेजात. हेच पुढचे अभियांत्रिकी महाविद्यालय. प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. परंतु बुळकांडीसारख्या भयंकर साथीचे जंतू भरवस्तीच्या शहरात बाळगणे धोक्याचे होते. म्हणून १८९३ साली ती हिमालयात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. मनुष्यवस्तीपासून दूर, देवदारांच्या रानात. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था हिच्यातूनच वाढली.

या मुक्तेश्वरच्या संस्थेत जे. टी. एडवर्ड्स नावाचे पशुवैद्य संचालक होते. त्यांचे मोठे काम बुळकांडीवरचे. तुमच्या घरातील वयस्कर मंडळींना विचारा. बुळकांडी आली की गोठेच्या गोठे ओस पडत. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केला आणि त्यापासून लस काढली. पुढे आणखी चांगल्या लसी आल्या आणि २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

१९२७ साली राणीखेतला कोंबड्या पटापट मरू लागल्या. एडवर्ड्स यांना त्या वेळी कोंबड्यांचे जे रोग माहीत होते, त्यांत हा रोग बसेना. जुन्याच एखाद्या रोगाचे नाव देऊन कागद मिटवता आला असता. त्यांनी तसे केले नाही. १९२८ सालच्या संस्थेच्या अहवालात कोंबड्यांचा एक नवा रोग म्हणून त्यांनी त्याची नोंद केली. त्या नोंदीमुळे रोगाला गावाचे नाव पडले आणि ते आजतागायत टिकले.

'हा तो रोग नव्हे'

याच सुमारास, १९२६ साली, इंग्लंडमध्ये न्यूकॅसल या बंदराच्या गावाजवळ आणि तिकडे पूर्वेला जावा बेटावर अशीच मरतूक झाली होती. इंग्लंडमध्ये टी. एम. डॉयल या पशुवैद्याने तिचा माग काढला. आजारी कोंबडीचा स्राव त्यांनी अतिबारीक गाळणीतून गाळला. साधे जंतू अशा गाळणीत अडकतात. तरीही खाली आलेल्या पाण्याने निरोगी कोंबड्या आजारी पडल्या. म्हणजे कारण जंतूपेक्षाही लहान, विषाणू होता.

पण त्या काळी कोंबड्यांचा आणखी एक विषाणूजन्य रोग ठाऊक होता. त्याला कोंबड्यांचा प्लेग म्हणत. आज आपण बर्ड फ्लू म्हणतो तो हाच. हा नवा रोग म्हणजे तोच तर नव्हे? डॉयल यांनी प्लेगमधून वाचलेल्या कोंबड्यांना नव्या रोगाची लागण करून पाहिली. प्लेगमधून उठलेली कोंबडी पुन्हा प्लेगने मरत नाही, पण या रोगाने मेली. तेव्हा दोन्ही रोग वेगळे, हे सिद्ध झाले. बाहेरून पाहिले तर दोहोंत कोंबडी सारखीच मरते. फरक कळला तो तपासणीने. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे नवापूरच्या वेळी ती पुन्हा येणार आहे.

अंड्यातून आलेली लस

रोग ओळखला, पण औषध? विषाणूवर त्या वेळी औषध नव्हते आणि मानमोडीवर आजही नाही. कोणी कितीही महाग पावडर दिली तरी ती या विषाणूला मारीत नाही. उपाय एकच, रोग येण्याआधी लस.

लस तयार झाली ती कोंबडीच्याच अंड्यात. उबवणीला ठेवलेल्या नऊ-दहा दिवसांच्या अंड्यात रोगाचा विषाणू सोडायचा, तो वाढला की त्यातला द्रव काढून दुसऱ्या अंड्यात, मग तिसऱ्या. असे करता करता विषाणूला अंड्यात राहण्याची सवय होते आणि मोठ्या कोंबडीला मारण्याची त्याची ताकद कमी होते. १९४० साली अय्यर आणि डॉब्सन या संशोधकांनी या मार्गाने यश मिळविल्याचे प्रसिद्ध केले. मुक्तेश्वरला हॅडो आणि इदनानी यांनी आपल्याकडच्या विषाणूपासून लस सिद्ध केली. हीच आर-टू-बी लस. आज तुमच्या कोंबडीला पंखाखाली कातडीत टोचतात ती ही.

लहान पिलांना मात्र ही लस झेपत नाही. त्यांच्यासाठी लासोटा ही सौम्य लस डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात. हे लासोटा नाव कोठून आले, ते ऐकण्यासारखे आहे. १९४६ साली अमेरिकेत न्यूजर्सी राज्यातील एका फार्मवरच्या कोंबड्यांत हा सौम्य विषाणू सापडला. त्या फार्मच्या मालकाचे आडनाव लासोटा. एका साध्या शेतकऱ्याच्या कोंबड्या तपासल्या गेल्या, म्हणून साऱ्या जगाला लस मिळाली. राणीखेतच्या कोंबड्या कोणी तपासल्याच नसत्या, तर आर-टू-बीही नसती. प्रत्येक लसीच्या मुळाशी कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या कोंबड्या आहेत.

प्रयोगशाळेत काय होते?

पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. त्याच आवारात लसी तयार करणारी संस्थाही आहे. मेलेली कोंबडी तपासणीला आली की पशुवैद्य आधी कागद वाचतो. किती कोंबड्या होत्या, किती मेल्या, किती दिवसांत, लस दिली होती का, नवीन पक्षी कोठून आणला. मग कोंबडी फाडून पाहतो. जठराच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसले की मानमोडीचा संशय बळावतो. आंधळ्या आतड्यात रक्त भरलेले असेल, तर रक्ती हगवण असू शकते. शेपटीजवळची गाठ सुजलेली असेल, तर पिलांचा गंबोरो रोग.

पण डोळ्याने दिसते ते पुरेसे नाही. नमुना अंड्यात टोचतात, द्रव काढतात आणि एक सोपी पण हुशार परीक्षा करतात. १९४१ साली जॉर्ज हर्स्ट या अमेरिकन संशोधकाला दिसले, की फ्लूचा विषाणू कोंबडीच्या रक्तातील तांबड्या पेशींना एकमेकींशी चिकटवतो. बारीक खळगे असलेल्या ताटलीत या पेशी टाकल्या, तर त्या तळाशी बटणासारख्या गोळा होऊन बसतात. विषाणू असला की गोळा होत नाहीत, जाळी पसरावी तशा खळगाभर पसरतात.

आता गंमत अशी, की मानमोडीचा विषाणूही नेमके हेच करतो. तेव्हा जाळी दिसली, तरी विषाणू कोणता हे कळत नाही. मग मानमोडीविरुद्ध तयार झालेले रक्तजल त्यात मिसळतात. पसरणे थांबले, तर विषाणू मानमोडीचा. थांबले नाही, तर धोक्याची घंटा. आता विषाणूची आनुवंशिक खूण ओळखणारी यंत्रेही आली आहेत आणि काही तासांत उत्तर मिळते. पण यंत्र कितीही महाग असो, त्यात घालायला नमुना लागतो. तो वाडीवरूनच यायचा.

हे काम करणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. सकाळपासून मेलेले पक्षी, वास, हातमोजे आणि वहीतल्या नोंदी. घरी जाताना अंघोळ करून, कपडे बदलून निघायचे, कारण आपल्याबरोबर रोग बाहेर जाऊ नये. वीस-तीस वर्षे असे काम केल्यावर कोंबडी पाहताच रोगाचा अंदाज येतो. तरीही हे लोक अंदाजावर सही करीत नाहीत. माझी चूक नेमकी येथेच झाली होती.

नवापूरचा धडा

२००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्या मरू लागल्या. सुरुवातीला ही मानमोडीच असावी असा समज झाला. नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झाले, की हा बर्ड फ्लू आहे. देशातील कोंबड्यांतली ही पहिलीच नोंद. परिसरातील लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मार्च महिन्यात रोग जळगाव जिल्ह्यातही आढळला. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले. त्या वेळी कोणालाही लागण झाल्याचे आढळले नाही, हे नशीब. पण हा रोग माणसाला होऊ शकतो आणि जिवावर बेतू शकतो. नंतर २०२१ साली परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि पुन्हा नवापूरला तो आला.

डॉयल यांनी ज्या दोन रोगांत फरक दाखविला, तेच हे दोन रोग. ऐंशी वर्षांनंतरही नुसत्या डोळ्यांनी तो फरक कोणाला करता येत नाही. म्हणून मरतूक लागली की 'मानमोडीच असणार' असे म्हणून गप्प बसू नये.

वाडीवरच्या कोंबडीची अडचण

मोठ्या शेडवाल्यांचे बरे असते. दर हप्त्याला त्यांच्याकडे डॉक्टर येतो, लसीचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. अडचण आहे ती परसातल्या दहा-बारा कोंबड्यांची. लसीची बाटली साधारण शंभर मात्रांची. ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार?

या अडचणीचा विचार एका संशोधकाने आयुष्यभर केला. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातले पशुवैद्य पीटर स्प्रॅडब्रो. उष्णता सहन करणारा सौम्य विषाणू निवडून त्यांनी आय-टू नावाची लस विकसित केली. ती खास खेड्यातल्या मोकळ्या कोंबड्यांसाठी होती. तिचे मूळ बियाणे त्यांनी गरीब देशांना विनामूल्य देऊ केले. आफ्रिका-आशियातील कित्येक खेड्यांत ती डोळ्यात एक थेंब टाकून दिली जाते आणि ते काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात.

आपल्याकडे मात्र लासोटा आणि आर-टू-बी या लसी सहज मिळतात. फक्त वाडीने एकत्र आले पाहिजे. लोहगडवाडीने हेच केले. दुसऱ्या वर्षी पावसाआधी त्याच मावशींनी बचत गटात विषय काढला. घरटी कोंबड्या मोजल्या. तालुक्याच्या दवाखान्यातून डॉक्टर बर्फाच्या डब्यात लस घेऊन आले. पहाटे, कोंबड्या खुराड्यातून सुटायच्या आत, डालग्या-डालग्यातून पक्षी काढून देत उजाडेपर्यंत काम उरकले. एक म्हातारे बाबा आपल्या झुंजार कोंबड्याला टोचू देईनात, तेव्हा मावशी म्हणाल्या, "बाबा, माजं खुराडं रिकामं झालं तवा तुमचाबी कोंबडा गेलाच व्हता न्हवं?" बाबांनी कोंबडा पुढे केला.

त्या पावसात वाडीत मरतूक लागली नाही. सारे श्रेय लसीचे असे मी म्हणणार नाही, कारण मावशींनी बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवण्याचा नियमही घातला होता. दोन्ही गोष्टींचा उपयोग झाला.

आता तुमचे काम

१. पिलू पाच-सात दिवसांचे झाले की लासोटाचा थेंब, चार आठवड्यांच्या सुमारास पुन्हा. आठव्या आठवड्याच्या पुढे आर-टू-बीचे इंजेक्शन. त्यापुढची लस कधी, हे आपल्या पशुवैद्याला विचारून ठरवा.

२. लसीआधी आठवडाभर जंताचे औषध द्या. आजारी कोंबडीला लस देऊ नका. लस म्हणजे औषध नव्हे.

३. शेजारच्या दहा घरांनी मिळून एकच दिवस ठरवा. बाटली वाया जाणार नाही, आणि एका घरची कोंबडी दुसऱ्या घरी रोग नेणार नाही.

४. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तर त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला, नाही तर ग्रामपंचायतीला कळवा. २००९च्या कायद्याप्रमाणे मानमोडी आणि बर्ड फ्लू हे दोन्ही कळवायचे रोग आहेत. १९६२ या क्रमांकावर पैसे न लागता फोन करता येतो.

५. मेलेली कोंबडी घरी फाडू नका, उघड्या हाताने धरू नका. तोंडाला फडके बांधा, हाताला पिशवी गुंडाळा, पक्षी दोन पिशव्यांत बांधून सावलीत ठेवा आणि हात साबणाने धुवा. मुलांना दूर ठेवा. एस.टी.त घालून पुण्याला नेऊ नका, नमुना कसा न्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

६. ओढ्यात टाकू नका. आपल्या ओढ्याचे पाणी खालची गावे पितात. डॉक्टरांनी सांगितल्यावर विहीर-ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.

७. मरतूक सुरू असताना उरलेल्या कोंबड्या विकू नका, पाहुण्यांना देऊ नका. अशा कोंबड्या कापतानाही रोग पसरतो.

काहींना भीती वाटते, की कळवले तर सरकार सगळ्या कोंबड्या मारील. मानमोडीत तसे होत नाही. बर्ड फ्लू निघाला तर कोंबड्या नष्ट करतात खऱ्या, पण त्यांची भरपाई मिळते. जी आधीच मेली, तिची मिळत नाही. तेव्हा उशीर करण्यात तोटा तुमचाच. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसेच मरतूक झाकली म्हणून साथ थांबत नाही.

शेवटी एक सांगतो. तुमच्या घरात जनावरांची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर तिला या वाटेने जाऊ द्या. मुंबईला १८८६ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्याला जवळ म्हणाल तर शिरवळला आहे. खुराड्यात वाढलेल्या पोरीला कोंबडी कधी नेहमीसारखी वागत नाही, ते शहरातल्या मुलापेक्षा आधी कळते. तिथून पुढचे शिक्षण तिला पुस्तकांतून घेता येईल.

मावशींच्या खुराड्यात आज पुन्हा कोंबड्या आहेत. वाडीवर गेलो की त्या मला मुद्दाम परसात नेतात. पण एखादी कोंबडी जरा मलूल दिसली, तर मला काही विचारत नाहीत. म्हणतात, "सायेब, दवाखान्यात सांगितलंय. डॉक्टर येत्याल."

मला त्याचे वाईट वाटत नाही. तुम्हीही तसेच करा.